अंधाराचे पैसे

आत्याबाई, तुमच्या फोटोला पहिला हार मी घालावा, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. मी घातला नाही. तुमच्या लेकानं घातला. बायका कुजबुजल्या, कुजबुजू देत. आपलं भांडण अर्धवट राहिलं होतं, आणि चालू भांडणात कुणी कुणाच्या गळ्यात हार घालत नाही.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. गेले काही दिवस आपल्या पुढच्या खोलीत सतरंजीवर बसून बायका तुमच्याबद्दल इतकं चांगलं बोलल्या, की मला वाटायला लागलं ही कुणी दुसरीच म्हातारी गेली. ‘देवमाणूस हुती.’ ‘कुणाला उलटून बोलली न्हाय.’ ‘सुनेला लेकीवानी वागवलं.’ हे शेवटचं तुमच्या लेकीनं, सरोजाक्कानं म्हटलं, आणि ते म्हणताना ती सरळ माझ्याकडे बघत होती. तेव्हाच मी ठरवलं. तुम्ही जशा होता तशाच राहणार. मेल्यावर तुम्हाला मऊ करून मी कुणाच्या हातात देणार नाही.

मी मोहोळची. माझे वडील महिन्या-दोन महिन्यांनी मला एसटीत बसवून सोलापूरला आणायचे आणि पिक्चर दाखवायचे. आई चिडायची, एवढं काय मिळतं तिथं जाऊन? वडील म्हणायचे, ‘पोरगी तीन तास गप बसती की.’ खरं म्हणजे तेच गप्प बसायचे. एरवी सदा कावलेला तो माणूस अंधारात खुर्चीवर बसला की त्याचे खांदे खाली यायचे. मला पिक्चर किती कळायचे माहीत नाही, पण ते खाली आलेले खांदे मला कळायचे.

लग्न होऊन तुमच्या घरात आले तर इथं खांदे खाली आणायची सोयच नव्हती. पहाटे भट्टी पेटायची ती कडक भाकऱ्यांचा शेवटचा गठ्ठा बांधेपर्यंत. तुमच्या भाकऱ्या हॉटेलांत जायच्या, पाहुण्यांच्या पिशव्यांतून पुण्या-मुंबईला जायच्या. पापडासारख्या पातळ आणि तुमच्यासारख्या कडक. तुम्ही नवऱ्यामागं त्या भाकऱ्यांवर दोन लेकरं मोठी केलीत, हे मी कधी नाकारलं नाही. मीही बसून खाल्लं नाही. पुढच्या खोलीत पडदा लावून पार्लर सुरू केलं, लोकांच्या भुवया कोरल्या, नवऱ्या नटवल्या, आणि माझे पैसे मी मिळवले.

त्या माझ्या पैशानं मी पिक्चरला जावं की जाऊ नये, यावर आपण जेवढं भांडलो तेवढं सोलापुरात कुणी पाण्यासाठीही भांडलं नसेल.

‘घरात एवढा मोठा टीव्ही हाय की,’ तुम्ही म्हणायचात.

‘टीव्हीवर मजा नाही येत.’

‘माणसं तीच, गाणी तीच. मग थेटरात काय येगळं हाय?’

‘अंधार असतो.’

‘अंधारात बसायला पैसे? मग दिवा बंद कर की आन् बस भिंतीकडं तोंड करून. फुकट हाय.’

तुम्हाला हसू यायचं नाही, मला यायचं. मग मी खरं कारण सांगायचे. घरी टीव्हीसमोर बसले की दूध उतू जातं, बेल वाजते, गिऱ्हाईक येतं, माझ्या लेकीला, कावेरीला, भूगोल आठवतो, तुमच्या लेकाला चहा आठवतो. एकाही पिक्चरचा शेवट मी घरात बसून बघितलेला नाही. थेटरात तीन तास मला कुणी ‘अगं’ म्हणत नाही. पैसे त्याचे आहेत. पिक्चर चांगला निघाला तर ते वरकड.

‘आनि एका तिकिटात आठवड्याची भाजी येती त्याचं काय?’

यावर मी तिकिटाचे पैसे पर्समध्ये टाकायचे. आठवड्याची भाजी खरंच येते.

आता तो शुक्रवार. तुम्ही त्याबद्दल तोंडातून शब्द काढला नाहीत, म्हणून मीच काढते.

पार्लरच्या कायमच्या बायका म्हणाल्या, दुपारच्या शोला चल. मी कावेरीला शाळेत सोडलं, तुमचं जेवण झाकून ठेवलं, ‘जरा बाहेर जाऊन येते’ म्हणाले आणि निघाले. मॉलमधलं थेटर, थंडगार, मऊ खुर्च्या. चप्पल काढून पाय वर घेतले. पिक्चर अगदी रंगात आला होता, तेवढ्यात बाजूचा दरवाजा उघडला आणि बाहेरचा उजेड पट्ट्यासारखा आत आला. त्या उजेडात तुम्ही उभ्या होता. पदर खोचलेला, कपाळावर विभूती, हाताला पीठ.

‘वैशाली! ए वैशाली! ऊठ! घरला चल, मयत झालीया!’

सगळं थेटर माझ्याकडे वळलं. मी उठले. चपला तिथंच राहिल्या. ‘कोण? आत्याबाई, कोण?’ म्हणत तुमच्या मागं पळत होते, आणि तुम्ही काही बोलत नव्हता. सरकत्या जिन्यावर पाय ठेवायला तुम्ही तयार नव्हता, म्हणून आपण दगडी जिना उतरलो. त्या जिन्यावर मी मनात कावेरीला मारलं. तुमच्या लेकाला मारलं. मोहोळात माझ्या आईला मारलं. रिक्षात बसेपर्यंत माझ्या माहेरचं आणि सासरचं एकही माणूस मी जिवंत ठेवलं नव्हतं. रिक्षा चालू झाली तेव्हा तुम्ही पदरानं मानेवरचा घाम पुसलात आणि म्हणालात,

‘कोन न्हाय मेलं. पैसं मेलं माज्या घरातलं.’

रिक्षावाला हसला. त्याचं ते हसणं मला अजून ऐकू येतं.

मी त्या थेटरात आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं ते कधीच कळलं नाही. नंतर एवढंच कळलं, की गेटवर तुम्हाला अडवलं तेव्हा तुम्ही त्यांनाही मयतीचंच सांगितलं. घरात मयत म्हटल्यावर म्हाताऱ्या बाईला कोण अडवणार? मी संध्याकाळी तुमच्या लेकाला सांगितलं. शिवानंद चादरीच्या दुकानातून दमून आला होता. तो म्हणाला, ‘आईचा स्वभाव हाय गं तो. तू बी सांगून जायचं की.’ एवढंच. मग त्यानं जेवायला वाढायला सांगितलं. म्हणजे ज्यांच्यावर सूड घ्यायचा अशी माणसं दोन झाली, पण त्याचं त्याच्याबरोबर. तो जिवंत आहे, वेळ आहे.

तुम्हाला माहीत नाही तुम्ही काय केलंत. त्या दिवसानंतर मी कितीतरी पिक्चर बघितले, पण अंधारात दरवाजा उघडला की माझे पाय चपला शोधायला लागतात. कुणी लघवीला जाऊन आलेलं असतं, कुणी पॉपकॉर्न घेऊन आलेलं असतं, आणि मी मान वळवून बघत असते, आता कोण मेलं. ज्या तीन तासांसाठी मी पैसे मोजायचे, ते तीन तासच तुम्ही माझ्याकडून काढून घेतलेत. तिकीट फाडलं असतंत तर मी विसरले असते.

मग मी युद्धच मांडलं. लपूनछपून जाणं बंद केलं. नवा पिक्चर लागला की चांगली साडी नेसून, दारात उभी राहून, समोरच्या पद्मक्कालाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे, ‘आत्याबाई, मी पिक्चरला चालले!’ तुम्हीही कच्च्या नव्हता. त्या दिवशी माझ्या हातचं जेवायचं नाही, हे तुमचं व्रत. उंबऱ्यावर बसून भाकरीचे कडाकडा तुकडे मोडायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचं, ‘सून पिच्चरला गेलीया. मी हाय आपली.’ वर्षानुवर्षं हे चाललं. गल्लीला नवीन पिक्चर कधी लागला हे आपल्या उंबऱ्यावरून कळायचं.

तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा माझी पाळी आली. मी तुम्हाला सांगितलं, डॉक्टर म्हणालेत, लांबचं बघायची सवय करा, मोठ्या पडद्यावर नजर बसते. असं कुठलाच डॉक्टर म्हणाला नव्हता. तुम्ही मला मयत सांगितली होती, मी तुम्हाला डॉक्टर सांगितला. मला त्याचं अजून काही वाटत नाही. आखाडा एकच, माती एकच.

मी सगळ्यात महागातली खुर्ची काढली. मुद्दाम. तुम्हाला तुमच्या डोळ्यांदेखत पैसे मरताना दाखवायचे होते. पॉपकॉर्नच्या काउंटरवर भाव वाचून घेतलात माझ्याकडून. नवा डोळा बारीक करून काचेत बघितलंत आणि विचारलंत, ‘ह्या लाह्या सोन्याच्या कढईत फोडल्यात का?’ मागची रांग हसली. मला गार गार वाटलं.

मग पिशवी तपासायची जागा आली. तुमच्या पिशवीतून दोन कडक भाकऱ्या आणि चटणीची पुडी निघाली. तिथल्या बाईनं सांगितलं, ‘बाहेरचं खाणं आत चालत नाही, आजी.’

‘मी बी बाहेरचीच हाय की. मी जाती, मग भाकर का न्हाय?’

‘नियम आहे आजी.’

तिनं त्या भाकऱ्या काडेपेट्या आणि गुटख्याच्या पुड्या ठेवलेल्या ट्रेमध्ये टाकल्या. चारचौघांत तुमचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं. लई बरं वाटलं. त्या दगडी जिन्याची अर्धी भरपाई तिथंच झाली.

आत तुम्ही खुर्चीच्या कडेवर बसलात ते पिक्चर संपेपर्यंत. पाठ टेकवली नाहीत. टेकवली असती तर मी जिंकले असते. मध्येच मोठ्यानं विचारलंत, ‘ही कोन? ह्याची बायकू का?’ पुढून कुणीतरी ‘शू’ केलं. तुम्ही उठून उभ्या राहिलात, ‘पैसं आमीबी दिल्यात!’ तुम्ही काय दिले होते आत्याबाई? माझे होते ते. पण तुमचा आवाज असा लागला की तो माणूस परत वळला नाही.

बाहेर आलो. तुम्ही सरळ त्या बाईसमोर गेलात आणि हात पुढं केलात. ‘माजी भाकर.’

‘टाकली आजी. ठेवत नाही आम्ही.’

‘कुटं टाकली?’

तिनं कचऱ्याच्या डब्याकडे बोट दाखवलं.

तुम्ही भांडाल म्हणून मी वाट बघत होते. तुम्ही भांडला नाहीत. डब्याकडे बघत उभ्या राहिलात आणि पदराचं टोक हातात धरून पिळायला लागलात, लहान मुलीसारखं. पीठ सांडलं तर ते आधी कपाळाला लावून मग उचलणारी बाई तुम्ही. दुष्काळात ज्वारीच्या एकेका पायलीसाठी माणसांच्या दारात उभी राहिलेली बाई. तुमचा अपमान करायचा हक्क त्या गल्लीत, त्या घरात, या शहरात फक्त माझा होता. तो मी रीतसर कमावला होता. तो त्या ट्रेवाल्या बाईला कुणी दिला?

मी अशी भडकले की मला माझाच आवाज ओळखू आला नाही. ‘मॅनेजरला बोलवा! दारू आहे का ती? बिडी आहे का? अन्न आहे ते!’ मॅनेजर आला तो इस्त्रीच्या कपड्यांत, सॉरी सॉरी म्हणत. तेवढ्यात तुम्हाला कंठ फुटला. मी मराठीतून आणि तुम्ही तुमच्या माहेरच्या कानडीतून. एकीचा श्वास संपला की दुसरी सुरू. पुढच्या शोची माणसं थांबून बघायला लागली. अशी जुगलबंदी आपण घरात इतकी वर्षं केली होती, पण एकमेकींच्या विरुद्ध. एका बाजूनं करून बघितली ती तेव्हाच. मॅनेजरनं शेवटी पॉपकॉर्नचा मोठा डबा तुमच्यापुढं धरला, ‘आमच्याकडून घ्या आजी, फ्री.’

‘तुज्या लाह्या तू खा,’ तुम्ही मराठीत म्हणालात, त्याला नीट कळावं म्हणून.

रिक्षात तुम्ही रिकाम्या पिशवीची घडी घालून ती कमरेला खोचलीत. मग तुम्ही म्हणालात, ‘पिच्चर फालतू हुता. पैसं वायाच गेलं.’ थोड्या वेळानं परत, ‘भांडान मातूर झ्याक झालं.’

मी तोंड बाहेर वळवलं. हसू तुम्हाला दाखवायचं नव्हतं.

मला वाटलं, आता तुम्ही बोलाल. त्या मयतीबद्दल. ‘माफ कर’ असलं तुमच्या तोंडातून निघणार नाही हे मला माहीत होतं. ‘वैशाली, त्या दिवशी जरा जास्तच झालं,’ एवढं म्हणाला असता तरी मी मागचं सगळं सोडून दिलं असतं. उत्तरसुद्धा तयार ठेवलं होतं. पण दुसऱ्या दिवशी तुम्ही म्हणालात, ‘परत त्या थेटराचं नाव काढू नगंस,’ आणि उंबऱ्यावर जाऊन बसलात. त्या भांडणाबद्दल तुम्ही कुणालाच सांगितलं नाहीत, पद्मक्कालासुद्धा. सून पिक्चरला जाते हे सगळ्या गल्लीला सांगितलंत. सून आपल्यासाठी भांडली हे आपल्यापाशीच ठेवलंत.

आणि मग भर दुपारी, पिठाच्या डब्याला टेकून बसलात त्या बसलात. मी पडद्यापलीकडे एका नवरीच्या चेहऱ्याला लेप लावत होते. तुम्हाला चहा विचारायला आले तर तुमची मान एका बाजूला. डॉक्टर म्हणाले, काही त्रास झाला नसेल. नसेलच. त्रास मागं राहिलेल्यांना असतो. ‘जरा जास्तच झालं’ म्हणायच्या आधी निघून गेलात, हा तुमचा शेवटचा डाव. त्याला तोड नाही.

म्हणून मी परवा काय केलं ते ऐका.

खोली बायकांनी भरलेली होती. अक्कलकोटहून तुमची धाकटी बहीण, चिकव्वा आली होती. सरोजाक्का तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडत होती आणि मध्येच म्हणाली, ‘अव्वानं कधी काय मागितलं न्हाय गं. हिनं मातूर थेटरं पालथी घातली. त्याच काळजीनं गेली माजी अव्वा.’

मी हातातला चहाचा ट्रे खाली ठेवला. आणि तुमच्या फोटोसमोर उभी राहून सगळं सांगितलं. दरवाजा, उजेड, पिठाचे हात, ‘मयत झालीया’, अनवाणी जिना, सगळं. तुमच्या आवाजात सांगितलं, तुमचा आवाज मला चांगला येतो. ‘पैसं मेलं माज्या घरातलं’ म्हटलं आणि थांबले. म्हटलं, आता कळू दे सगळ्यांना देवमाणूस कसं असतं.

मग चिकव्वानं तोंडाला पदर लावला. तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती. ‘महादेवीनं असं केलं? मयत म्हणून सांगितलं?’ म्हणत ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग पद्मक्का हसली. मग सगळी खोली, हार घातलेल्या तुमच्या फोटोसमोर, डोळ्यांना पदर लावून. सरोजाक्काही हसली. हसली आणि लगेच स्वतःवरच संतापून आत निघून गेली. तुमचं देवपण तिथं संपलं, आत्याबाई. मला वाटलं फिटलं सगळं. फिटलं नाही. बायका हसल्या ते तुम्ही त्यांना जास्तच आवडलात म्हणून. मी सूड घ्यायला गेले आणि तुमचा भाव वाढवून आले.

कार्य उरकलं. पाहुणे पांगले. काल सरोजाक्का स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, ‘लग्नाच्या आधी मैत्रिणींसंगं एकदा पिच्चरला जायचं ठरलं हुतं. एकच चांगली साडी हुती. अव्वानं सकाळी उठून ती बादलीत भिजवून टाकली.’

‘मग?’

‘मग काय. राह्यलं ते राह्यलं. सासर बी तसलंच. पन्नाशी आली, थेटर आतनं कसं असतंय ठाव न्हाय.’

मला तिची दया आली असं समजू नका. तिनं सगळ्यांसमोर मला खुनी ठरवलं होतं. पण मी लगेच फोन काढला आणि आज दुपारच्या शोची दोन तिकिटं काढली, सगळ्यात महागड्या खुर्च्यांची. तुमची पोटची लेक, तुमचं कार्य होऊन दिवस उलटत नाहीत तोच, भर दुपारी, तुमच्या सुनेबरोबर पिक्चरला. तुम्हाला झोंबेल असं याहून दुसरं काही मला सुचलं नाही.

ती तयार झाली. केसांना तेल लावून घट्ट आंबाडा बांधला. दोनदा विचारलं, आत चपला चालतात का. रिक्षा दारात आली. ती पर्समध्ये फोन ठेवता ठेवता थांबली.

‘वैशाली, आत फोन लागतो का गं? घरनं कुणी बोलवलं तर?’

‘आता कोण बोलवणार हाय, अक्का?’

मी सहज म्हणाले. खरंच सहज. ती चौकटीला धरून हळूहळू खाली बसली. इतके दिवस ती माणसांत मोठ्यानं रडली होती, हे तसलं रडणं नव्हतं. आवाजच नव्हता. मी तिला उठवायला वाकले, आणि तिच्या शेजारीच बसले. तुम्ही गेल्यापासून मी रडले नव्हते. तुमच्यासाठी रडायचं नाही असं मी ठरवलं होतं.

रिक्षावाल्यानं दोन-तीनदा हॉर्न दिला आणि तो निघून गेला. शो सुरू झाला असेल. मध्यंतर झालं असेल. आम्ही दोघी तिथंच, उंबऱ्यावर, तुमच्या जागेवर. पद्मक्का समोरून बघत होती.

दोन तिकिटं वाया गेली, आत्याबाई. सगळ्यात महागातली.

बोला की.